औषधी अळंबी आणि कॅन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कॅन्सरचं निदान झालं की भेटायला येणाऱ्यांच्या हातात शहाळी असतात, आणि एखाद्याच्या हातात डबा. पूर्वी त्या डब्यात गव्हांकुराची पूड असायची, मग नोनीचा रस आला. आता बहुतेक वेळा मशरूम असतं: गॅनोडर्मा, कॉर्डिसेप्स, टर्की टेल, चागा. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते, त्यामुळे असे डबे माझ्यापर्यंत पोचतात आणि त्यांच्याबरोबर तेच ते प्रश्नही. ते इथे एकत्र केले आहेत. पहिलं उत्तर घाईत असलेल्यांसाठी आहे.

मशरूमने कॅन्सर बरा होतो का?

नाही. निव्वळ अळंबी किंवा तिचा अर्क घेऊन माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. काही अळंब्यांतल्या द्रव्यांनी ऑपरेशन आणि केमोच्या जोडीला थोडी मदत केली असावी, असं जुन्या जपानी चाचण्यांवरून दिसतं. "जोडीला" हा शब्द डब्यावर सापडत नाही, म्हणून पुढचं सगळं लिहावं लागतंय.

पण जपानमध्ये मशरूमपासून कॅन्सरचं औषध बनवलंय, ही बातमी खोटी का?

खोटी नाही. अर्धी आहे.

जपानमध्ये झाडाच्या खोडावर फळीसारख्या उगवणाऱ्या अळंबीला "सारु-नो-कोशिकाके" म्हणतात, म्हणजे माकडाचं बूड टेकायचं स्टूल. पोटाच्या कॅन्सरवर ती उकळून पिण्याची तिथे जुनी पद्धत होती. १९६०च्या दशकात एका रसायन कंपनीतल्या माणसाने शेजाऱ्याला हा काढा घेताना पाहिलं आणि तिथून संशोधन सुरू झालं, अशी कथा सांगतात. कथा सोडून देऊ. त्यातून निघालेलं औषध मात्र खरं आहे. ट्रामेटीस व्हर्सिकलर, म्हणजे आजची "टर्की टेल", या अळंबीच्या तंतुजालातून (बुरशीच्या बारीक धाग्यांच्या जाळ्यातून) काढलेलं पीएसके हे प्रथिनाला जोडलेलं पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेची लांब साखळी, १९७७मध्ये जपान सरकारने औषध म्हणून मंजूर केलं. नाव क्रेस्टिन. १९८०च्या दशकात ते जपानमधल्या सर्वांत खपाच्या औषधांत होतं.

दुसरं औषध शिताके या खायच्या अळंबीचं. टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातले गोरो चिहारा आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत लिहिलं की शिताकेतल्या पॉलिसॅकराइडने उंदरांमधल्या गाठी आक्रसतात. त्या द्रव्याचं नाव लेंटिनन. १९८५मध्ये ते मंजूर झालं, पण कशासाठी? ऑपरेशन शक्य नसलेल्या किंवा उलटलेल्या पोटाच्या कॅन्सरसाठी, टेगाफूर या केमोच्या गोळीबरोबर, आणि शिरेतून. तिसरं शिझोफिलन. तेही इंजेक्शनच, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला रेडिएशनच्या जोडीने. हे ज्या अळंबीतून येतं ती शिझोफायलम आपल्याकडे पावसात वाळक्या लाकडावर सर्रास दिसते, राखाडी, केसाळ, पंख्यासारखी. मणिपूरमध्ये ती कांगलायेन म्हणून आवडीने खातात.

मग ती औषधं आज कॅन्सरच्या दवाखान्यात का दिसत नाहीत?

दोन कारणं. पहिलं, नियमन कडक झालं. १९८९मध्ये जपानच्या आरोग्य खात्याने फेरतपासणी करून क्रेस्टिन एकटं द्यायला मनाई केली, केमोबरोबरच द्यायचं असं ठरवलं. दुसरं म्हणजे केमो स्वतःच सुधारली. नव्या गोळ्यांच्या शेजारी या जुन्या जोडीदारांचा फायदा दिसेना. क्रेस्टिनची विक्री जपानमध्येही २०१७च्या सुमारास थांबली.

म्हणून "जपानमध्ये वापरतात" हे वाक्य भूतकाळात वाचावं.

ही द्रव्यं शरीरात नेमकं करतात काय?

कॅन्सरच्या पेशी ती थेट मारत नाहीत, निदान पीएसके आणि लेंटिननच्या बाबतीत तरी. ती राखणदाराला जागं करतात.

बुरशीच्या पेशीची भिंत बीटा-ग्लुकान नावाच्या साखरेच्या लांब साखळ्यांची असते. आपल्या शरीरात ही साखळी कुठेच बनत नाही. त्यामुळे ती दिसली की शरीराला वाटतं, बुरशीचा संसर्ग झाला. पांढऱ्या पेशींवर ती ओळखणारा एक ग्राहक असतो, डेक्टिन-१. तो बीटा-ग्लुकानसाठीच आहे हे २००१मध्ये ऑक्सफर्डच्या गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवलं. साखळी तिथे अडकली की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, खवळतात, इतर पेशींना निरोप जातात आणि नॅचरल किलर पेशी कामाला लागतात. चोर नसतानाही वाड्यात "चोर, चोर" अशी हाळी घातली तर सगळे काठ्या घेऊन बाहेर येतात. त्या गर्दीत कोपऱ्यात लपलेला खरा चोर सापडला तर बरंच, एवढाच हा हिशोब.

यावरून दोन गोष्टी आपोआप कळतात. मोठ्या, पसरलेल्या गाठीसमोर हे पुरत नाही. ऑपरेशननंतर मागे राहिलेल्या थोड्या पेशींसमोर पुरलं तर पुरेल, आणि जपानी चाचण्यांत जो काही फायदा दिसला तो बहुतांशी तिथेच दिसला. दुसरी गोष्ट काळजीची आहे. प्रतिकारशक्ती चेतवणं प्रत्येकासाठी चांगलं नसतं. त्याबद्दल खाली.

बीटा-ग्लुकान पचत नाही म्हणतात. मग तोंडाने घेऊन उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. ही साखळी तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाही, म्हणून तो एक प्रकारचा तंतूच. पण आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅच नावाच्या चौक्या असतात. तिथल्या पेशी आतड्यातले कण उचलून प्रतिकारपेशींच्या हवाली करतात. उंदरांत असं दिसलंय की मॅक्रोफेज बीटा-ग्लुकान गिळून अस्थिमज्जेपर्यंत वाहून नेतात. क्रेस्टिन तोंडानेच द्यायचे, दिवसाला ३ ग्रॅम, शुद्ध केलेलं. लेंटिननचा रेणू भला मोठा, तो शिरेतूनच, आठवड्याला साधारण २ मिलिग्रॅम. म्हणून शिताकेची भाजी खाल्ली म्हणजे लेंटिननचा डोस घेतला असं होत नाही. भाजी छानच लागते, ती गोष्ट वेगळी.

माणसांवरच्या चाचण्यांचे खरे आकडे काय आहेत?

सगळ्यात गाजलेली चाचणी १९९४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आली. पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले २६२ रुग्ण. निम्म्यांना नुसती केमो, निम्म्यांना केमो आणि पीएसके. पाच वर्षांनी पहिल्या गटात ६० टक्के जिवंत होते, दुसऱ्यात ७३ टक्के. हा फरक लहान नाही, आणि मीही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा दचकले होते. २००७मध्ये अशा आठ चाचण्या, ८००९ रुग्ण, एकत्र मोजले गेले तेव्हा फायदा राहिला पण आकसला: मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी.

आता हे वाचताना काय लक्षात ठेवायचं? रुग्ण जपानी, कॅन्सर बहुतेक पोटाचा, केमो त्या काळची, म्हणजे मायटोमायसिन आणि फ्लुओरोयुरासिल. आज त्याच रुग्णाला वेगळी औषधं मिळतात. त्या औषधांवर पीएसके जोडून काय होईल हे त्या आकड्यांतून कळत नाही. आतड्याच्या कॅन्सरसाठी कॉक्रेनने (चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) २०२२मध्ये सात चाचण्या, १५६९ रुग्ण, तपासले. पाच वर्षांच्या जगण्यात किंचित फायदा असावा, पण पुराव्याचा दर्जा कमकुवत, असा निष्कर्ष निघाला.

लेंटिननची गोष्ट जास्त बोलकी आहे. जुन्या छोट्या चाचण्या आशादायक होत्या. मग जपानमध्येच मोठी, नीट आखलेली चाचणी झाली: पोटाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेले तीनशेच्या वर रुग्ण, एस-१ ही नवी गोळी एकटी, किंवा लेंटिननसह. लेंटिननवाले जास्त जगले नाहीत. उलट त्यांचं सरासरी जगणं आकड्यात कमीच भरलं, जरी तो फरक योगायोगाचा असू शकतो.

"उंदरांतल्या ९६ टक्के गाठी नाहीशा झाल्या", असा मेसेज फिरतोय. तो?

१९६८चा आकडा आहे तो. तेत्सुरो इकेकावा आणि त्यांच्या गटाने अळंब्यांचे गरम पाण्यातले अर्क उंदरांना दिले, त्यात फेलिनस गटातल्या एका अळंबीने गाठीची वाढ जवळजवळ ९७ टक्के रोखली. हे खरं आहे. आता गाठ कोणती होती ते पाहा. सार्कोमा-१८० नावाची, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली, दुसऱ्याच जातीच्या उंदराची गाठ. ती नव्या उंदरात टोचली की त्याचं शरीर तिला परकी म्हणून आधीच ढकलत असतं. थोडं चेतवलं की ती बाहेर. माणसाचा कॅन्सर परका नसतो, स्वतःच्याच पेशींचा असतो, आणि प्रतिकारशक्तीला चकवूनच वाढलेला असतो.

उंदरांवरचे प्रयोग निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण या एका गाठीने अळंब्यांचं नाव जेवढं मोठं केलं तेवढं दुसऱ्या कशाने केलं नाही.

कुत्र्यांवरही काही संशोधन झालं होतं ना?

झालं होतं, आणि छोट्या अभ्यासावर केवढा भार टाकायचा याचा तो चांगला नमुना आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१२मध्ये रक्तवाहिन्यांच्या जीवघेण्या कॅन्सरच्या १५ कुत्र्यांना टर्की टेलमधलं पीएसपी हे पीएसकेसारखंच द्रव्य दिलं. सर्वांत जास्त डोसवाले कुत्रे अपेक्षेपेक्षा बरेच जास्त जगले. जगभर बातम्या झाल्या, डबे विकले गेले. मग तिथेच १०१ कुत्र्यांची मोठी चाचणी झाली, केमोशी तुलना करून. फायदा दिसला नाही. ही दुसरी बातमी तुमच्या ग्रुपवर आली होती का?

गॅनोडर्मा, म्हणजे रेशी, सगळ्यात जास्त विकलं जातं. ते तरी?

चीनमध्ये लिंगझी, जपानमध्ये रेशी. लाखेची चकाकी असलेली, लाकडासारखी कडक, चवीला कडू. कडूपणा ट्रायटर्पिनांचा, गॅनोडेरिक आम्लांचा. काचपात्रात ही आम्लं कॅन्सरच्या पेशींना मारतात. पण काचपात्रात साबणाचं पाणीही मारतं.

माणसांत? कॉक्रेनने पाच चाचण्या, ३७३ रुग्ण, तपासले. केमो किंवा रेडिएशनबरोबर रेशी घेणाऱ्यांत उपचाराला प्रतिसाद थोडा वाढला असावा, काहींना बरं वाटलं. एकट्या रेशीने तसा परिणाम दिसला नाही. पहिला उपचार म्हणून वापरावं असं सांगण्याजोगा पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

आपल्याकडे गॅनोडर्मा माडाच्या बुंध्याला लागते तेव्हा शेतकरी तिला रोग म्हणतो आणि झाड वाचवायला धडपडतो. तीच कॉफीच्या पुडीत गेली की "अमृत" होते. साखळी पद्धतीने विकणाऱ्यांना मी एकदा विचारलं होतं की यात अर्क किती मिलिग्रॅम आहे. उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही आधी जॉइन तर व्हा."

कीडाजडी किंवा कॉर्डिसेप्स?

इथे गोंधळ मोठा आहे, आणि रसायनशास्त्र सुंदर.

कीडाजडी म्हणजे ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस. हिमालयात, उत्तराखंडच्या पिथोरागढ-चमोलीच्या वरच्या कुरणांत, जमिनीतल्या अळीला ही बुरशी लागते, अळी मरते आणि बर्फ वितळताना तिच्या डोक्यातून काडीसारखी अळंबी वर येते. गुडघे-कोपर टेकून गावकरी ती शोधतात. भाव लाखांत. बाटलीतली "कॉर्डिसेप्स" मात्र बहुतेक वेळा दुसरी असते, कॉर्डिसेप्स मिलिटारिस, नारिंगी रंगाची, तांदळावर बंद खोलीत वाढवलेली. त्यात काही वाईट नाही. उलट ज्याच्यावरून गाजावाजा होतो ते कॉर्डिसेपिन हिच्यात असतं. २०१७मध्ये जनुकं तपासल्यावर असं आढळलं की महागड्या हिमालयी बुरशीला कॉर्डिसेपिन बनवताच येत नाही.

कॉर्डिसेपिन १९५०च्या सुमारास सापडलं. ते अ‍ॅडेनोसिनसारखं दिसतं, फक्त एक ऑक्सिजन कमी. पेशी त्याला अ‍ॅडेनोसिन समजून आरएनएच्या साखळीत ओवते आणि साखळी तिथेच तुटते. कॅन्सरच्या पेशीला हे झोंबतं. अडचण अशी की रक्तात एक विकर त्याला काही मिनिटांत निकामी करतं. बुरशीने स्वतः यावर तोड काढलीय: ती कॉर्डिसेपिनबरोबर पेंटोस्टॅटिन नावाचं दुसरं द्रव्यही बनवते, जे त्या विकराला अडवतं. आणि पेंटोस्टॅटिन हे रक्ताच्या एका दुर्मीळ कॅन्सरवरचं, १९९१पासून अमेरिकेत मंजूर असलेलं औषध आहे! (औषध म्हणून ते जिवाणूपासून मिळालं, बुरशीत सापडलं ते फार नंतर.)

माणसांनीही मार्ग शोधला. ऑक्सफर्ड विद्यापीठाबरोबर काम करणाऱ्या एका कंपनीने कॉर्डिसेपिनला रासायनिक कवच चढवून एनयूसी-७७३८ हा रेणू केला. २०१९पासून त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या चाचण्या रुग्णांवर सुरू झाल्या. त्यातून काही निघालं तर ते इंजेक्शन असेल, चहात घालायची पूड नव्हे. पूड घेणाऱ्यांसाठी एक सूचना: चीनच्या औषध नियंत्रकांना २०१६मध्ये कीडाजडीच्या मालात मर्यादेच्या कितीतरी पट आर्सेनिक सापडलं होतं.

म्हणजे अळंबीतून खरं औषध निघू शकतं?

नक्की निघू शकतं. आपल्या कुंडीतल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन निघालं, मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही ते लागतं. सह्याद्रीतल्या नरक्याच्या लाकडातून कॅम्प्टोथेसिन काढतात आणि त्यापासून आयरिनोटेकान, टोपोटेकान ही केमोची औषधं बनतात. त्यासाठी झाडं इतकी तोडली गेली की नरक्याच्या चोरट्या वाहतुकीच्या बातम्या कोकणात नव्या नाहीत. पण सदाफुलीची पानं चावून कोणी ल्युकेमियाचा उपचार करत नाही. द्रव्य वेगळं करणं, मोजणं, विषारीपणा तपासणं, या सगळ्यातून गेल्यावर ते औषध होतं.

गंमत अशी की अळंब्यांत या वाटेवर सगळ्यात पुढे गेलेली अळंबी विषारी आहे. ओम्फॅलोटस ही नारिंगी, अंधारात मंद चमकणारी. तिच्यातलं इल्युडिन-एस इतकं जहाल की तसंच देणं अशक्य. त्यात बदल करून आयरोफुल्व्हेन बनवलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर ते तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचलं आणि २००२मध्ये चाचणी थांबवावी लागली, फायदा दिसेना. डोळ्यांच्या पडद्यावरही त्याचे परिणाम होत होते. तरी त्या कुळातल्या नव्या रेणूंवर काम चालू आहे, कारण डीएनएची दुरुस्ती नीट न जमणाऱ्या गाठींवर ते जास्त परिणाम करतात. मला विचाराल तर खरी आशा रेशीच्या कॉफीपेक्षा इथे आहे.

रोजच्या जेवणात बटण मशरूम खाल्ले तर कॅन्सर टळतो का?

२०२१मध्ये १७ अभ्यास एकत्र करून अमेरिकी संशोधकांनी म्हटलं की जास्त मशरूम खाणाऱ्यांत कॅन्सरचा धोका ३४ टक्के कमी दिसतो. त्याआधी २०१९मध्ये एक लाखाहून जास्त अमेरिकी स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं ठेवलेली नोंद तपासली तेव्हा काहीच संबंध दिसला नव्हता. दोन्हींत मला दुसऱ्यावर जास्त भरवसा वाटतो. १७तले बरेच अभ्यास आजारी माणसाला "आधी काय खात होतात?" असं मागाहून विचारून केलेले होते. आजारी माणसाची आठवण आणि निरोगी माणसाची आठवण सारखी नसते. शिवाय मशरूम खाणारा बहुधा भाज्याही जास्त खातो.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ३६ जणांना बटण मशरूमची पूड दिली होती. दोघांचं पीएसए (या कॅन्सरचा माग ठेवायला रक्तात मोजतात ते प्रथिन) नाहीसं झालं आणि दीर्घकाळ तसंच राहिलं. ३६पैकी दोन. कुतूहल वाढवणारं आहे, याहून जास्त आज म्हणता येत नाही.

खायचे तर खा, शिजवून खा. बटण मशरूममध्ये अ‍ॅगारिटिन असतं, ते अपायकारक असल्याची शंका आहे, शिजवल्यावर ते बरंच कमी होतं. कच्चा किंवा अर्धकच्चा शिताके खाल्ल्यावर काही जणांच्या पाठीवर चाबकाचे वळ उठावेत तशा लाल रेषा येतात. ब्लिओमायसिन या केमोच्या औषधानेही हुबेहूब तसेच वळ येतात, त्यामुळे रुग्णाने काय खाल्लं हे डॉक्टरला माहीत नसेल तर दोष भलत्यावरच जातो.

बाबांची केमो चालू आहे. थोडी कॅप्सूल दिली तर बिघडतं काय?

बिघडू शकतं, आणि कुठे ते माहीत असावं.

यकृत: २००६मध्ये जपानमधून अ‍ॅगारिकस या अळंबीचा अर्क घेणाऱ्या तीन कॅन्सरच्या रुग्णांची नोंद आली, तिघांच्याही यकृताला गंभीर इजा. दोघे गेले. रेशीच्या पुडीनेही यकृत निकामी झाल्याची नोंद आहे. केमोत यकृतावर आधीच ताण असतो, आणि एन्झाइम वाढले की डॉक्टर केमो पुढे ढकलतात. म्हणजे "थोड्या" कॅप्सूलची किंमत चुकलेली केमो असू शकते.

रक्तस्राव: रेशी रक्त गोठण्यात अडथळा आणू शकते. वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन चालू असेल, प्लेटलेट उतरल्या असतील किंवा ऑपरेशन तोंडावर असेल तर नको.

मूत्रपिंड: चागात ऑक्झॅलेट हे मूत्रपिंडात साचणारं द्रव्य भरपूर. यकृताचा कॅन्सर असलेल्या एका जपानी बाईंनी रोज चार-पाच चमचे चागा सहा महिने घेतला आणि मूत्रपिंडं निकामी झाली.

प्रतिकारशक्ती: अस्थिमज्जा किंवा अवयव बदललेला असेल तर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. तिथे राखणदाराला डिवचायचं नाही. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी चालू असेल तर प्रतिकारशक्तीचा लगाम डॉक्टरांनी आधीच सैल केलेला असतो, तिथे आणखी चाबूक आपल्या मनाने मारू नये.

डब्यात खरंच काय असतं, हे कसं ओळखायचं?

घरी पूर्ण ओळखता येत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ उत्पादनांची २०१७मध्ये तपासणी झाली, त्यातली फक्त ५ लेबलाशी जुळली. काहींत रेशीच्या साखळ्यांऐवजी स्टार्च होता. कारण सोपं आहे: बुरशी धान्यावर वाढवतात आणि पुष्कळदा धान्यासकट दळतात. लेबलावर नुसतं "पॉलिसॅकराइड ४० टक्के" लिहिलं तर तांदळाचं पीठही पॉलिसॅकराइडच आहे. "बीटा-ग्लुकान" किती, अळंबी वापरली की तंतुजाल, पूड की अर्क, एवढं तरी वाचा. थोडी पूड पाण्यात उकळून, पूर्ण गार करून आयोडीनचा थेंब टाकला आणि गडद निळं झालं तर त्यात स्टार्च आहे. शाळेतला बटाट्याचा प्रयोग आठवा.

जाहिरातीत "कॅन्सरवर रामबाण" लिहिलंय. हे चालतं?

चालत नाही. १९५४च्या औषधी व जादुई उपाय कायद्यात ज्या आजारांवर उपायाची जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत कॅन्सर आहे. आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना असलेलं न्युट्रास्युटिकल (पूरक आहार) म्हणजे अन्न. त्याच्या लेबलावर ते औषधी वापरासाठी नाही असं छापावंच लागतं. पुढच्या वेळी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. पुढे रामबाण, मागे "औषधी वापरासाठी नाही". राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आमच्याकडे फणसाच्या झाडावरची अळंबी उगाळून देतात. तिच्यात हे गुण असतील?

फणसांबा, फणसोंबा, फणसाळंबे. कोकणातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत बटव्यात असायचा. ही फेलिनस गटातली, तपकिरी, लाकडासारखी अळंबी. सहाणेवर पाण्यात उगाळून तान्ह्याच्या हिरड्यांना लावतात, लाळ फार गळत असेल तर. पोट बिघडलं तरी देतात. आणि वर ९६ टक्क्यांच्या मेसेजच्या उत्तरात जी आली ती जपानी-कोरियन अळंबी याच गोतावळ्यातली.

म्हणून हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. पण गोतावळा म्हणजे तीच अळंबी नव्हे. फणसावर एकाच नावाखाली फेलिनसच्या निरनिराळ्या जाती उगवतात, काष्ठौषधीच्या दुकानात कधी दुसऱ्याच झाडावरचा तुकडाही फणसांबा म्हणून मिळतो. हिरड्यांवर चिमूटभर लेप ही एक गोष्ट, कॅन्सरच्या माणसाला रोज काढा ही दुसरी. पहिलीमागे पिढ्यांचा वापर आहे. दुसरीमागे काहीच नाही.

जादुई मशरूमनेही कॅन्सरच्या रुग्णांना फायदा होतो म्हणतात?

गाठीला नाही, मनाला. २०१६मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये ५१ रुग्णांवर या मशरूममधल्या सिलोसायबिन या द्रव्याची चाचणी झाली आणि मरणाची भीती, नैराश्य कमी झालं. तिथे प्रशिक्षित माणसं शेजारी बसून होती. भारतात सिलोसायबिन अमली पदार्थ कायद्याखाली येतं.

आई ऐकतच नाही. डॉक्टरांना न सांगता घेते. काय करू?

आधी डबा काढून घेऊ नका, ती दुसरा लपवून आणेल. कॅन्सर झालेल्या माणसाच्या हातात स्वतः ठरवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं, आणि ही कॅप्सूल तिने स्वतः निवडलेली असते. भांडायच्या आधी हे ध्यानात घ्या.

मग डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढा. कधीपासून, किती, कशाबरोबर घेते हे एका कागदावर लिहा आणि पुढच्या केमोआधी फाइलला लावा. वेळ डॉक्टरांना नसेल तर डे-केअरच्या नर्सला किंवा हॉस्पिटलच्या फार्मसिस्टला दाखवा, ते बहुतेक वेळा जास्त बारकाईने पाहतात. "हे घेऊ का?" असं विचारलं की "नको" ऐकून आई गप्प होते आणि घरी येऊन घेतेच. त्यापेक्षा असं विचारा: "हे आधीपासून घेतेय, रिपोर्टमध्ये याचं काही दिसतंय का?" मागच्या तीन रिपोर्टमधला एसजीपीटीचा (यकृताला इजा झाली की वाढणाऱ्या एन्झाइमचा) आकडा शेजारी शेजारी ठेवा. कॅप्सूल सुरू झाल्यावर तो चढला असेल तर तो कागद आईलाच दाखवा, बाकी तुम्ही बोलायची गरज पडत नाही. चढला नसेल आणि डॉक्टरांचीही हरकत नसेल, तर निदान केमोच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसांत घ्यायची का थांबवायची, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि तिला आवडत असेल तर रविवारी शिताकेची भाजी करा.